‘हाव ना, मलापण!’

जोडी जमावी म्हणून समोरच्याची आवड आपण आपलीच म्हणून सांगतो. मग समोरच्याचं प्रेम नक्की कुणावर बसतं? आपल्यावर, की आपण उतरवलेल्या नकलेवर?

प्रेमात पडायच्या पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यात जास्त वेळा बोलला जाणारा शब्द कोणता, सांगा बरं? ‘आय लव्ह यू’ म्हणत असाल तर चूक. ते फार नंतर येतं. त्याच्या कितीतरी आधी येतो तो शब्द म्हणजे ‘मलापण’.

तिला पाऊस आवडतो? मलापण. त्याला पोलीस भरतीसाठी पहाटे साडेचारला उठून धावायला आवडतं? मलापण. (आपले डोळे सातशिवाय उघडत नाहीत, ती गोष्ट वेगळी.) तिला कोरियन मालिका आवडतात? मलापण, वेडच आहे मला! आणि मग नेटवर्क सापडेल त्या कोपऱ्यात रात्री उभं राहून त्या मालिकेची अख्खी गोष्ट दहा मिनिटांत उरकून घ्यायची. उद्या तिने विचारलंच तर निदान हिरोचं नाव तरी सांगता आलं पाहिजे ना!

आपल्या इकडे तर याला खास आपला ठसका. नुसतं ‘मलापण’ नाही, ‘हाव ना, मलापण!’

मी पत्रकारितेचं शिकते, वय बावीस आणि सध्या या पानासाठी इंटर्नशिप करते. या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा एटापल्लीत कॉलेजच्या पोरापोरींशी गप्पा मारल्या. चहाच्या टपरीवर, बसची वाट बघताना, भरतीच्या सरावानंतर. सगळे भरभरून बोलले. फक्त एक झालं. प्रत्येकाने ‘माझ्या एका मित्राची’ नाहीतर ‘माझ्या मैत्रिणीची’ गोष्ट सांगितली. स्वतःची एकानेही नाही. तुम्हीपण हे वाचताना एखादा मित्रच आठवताय ना? चालेल. त्याच्यासाठी वाचा.

तर या ‘मित्रमैत्रिणींच्या’ तीन गोष्टी.

पहिला मित्र खर्रा खातो. तिला खर्रा अजिबात चालत नाही. त्याने सांगून टाकलं, ‘मी तर कधी हात पण लावत नाही.’ आता तिला भेटायला जाताना तो आधी खळखळून चूळ भरतो आणि तोंडात दोन वेलदोडे टाकतो. सहा महिने झाले. तिला वाटतं, याला वेलदोडा फार आवडतो.

दुसऱ्या मैत्रिणीचं गाव आत, गट्टा-जारावंडीच्या बाजूला. घरची भाषा माडिया. ज्याच्याशी जमलं तो मराठी घरचा. तिने सांगितलं, ‘आमच्या घरीपण मराठीच बोलतात.’ आता तो शेजारी असताना आईचा फोन आला, की ती कट करते. नंतर हॉस्टेलवर जाऊन परत लावते.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. मुलीच्या गावाचा खाणीला विरोध. मुलाच्या भावाची नोकरी सूरजागडच्या खाणीवर आणि घर त्या पगारावर चालतं. २०२३ मध्ये तोडगट्ट्याला कित्येक महिने आंदोलन चाललं होतं, ते या भागात कुणाला माहीत नाही? तिच्यासमोर तो म्हणतो, ‘डोंगर वाचलाच पाहिजे.’ घरी गेल्यावर भाऊ खाणीबद्दल बोलायला लागला, की गप्प बसतो. तिला वाटतं, आपले विचार किती जुळतात!

पहिल्या गोष्टीला हसू आलं असेल. दुसरीला येऊ नये. तिसरी तर कधी ना कधी दोन घरांत फुटणार आहे.

हे काही आजचं नाही

आपली पिढीच खोटारडी, असं कुणी म्हणत असेल तर त्याला घरातला जुना बायोडाटा दाखवा. ‘मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, निर्व्यसनी, वाचनाची आवड.’ निर्व्यसनी म्हणे! आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बायोडाटा लिहिणारा तर ती सगळ्यात कडक पाळतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोहे मुलीनेच केलेत, हे सांगायचं. केले असतात काकूने, आणि हे मुलाकडच्यांनाही माहीत असतं. त्यांनी सांगितलेला पगार थोडा फुगवलाय, हे मुलीकडच्यांना माहीत असतं. दोन्हीकडचे नाटक करतात आणि दोन्हीकडे नाटकाची तिकिटं वाटलेली असतात.

पण आपल्याच तालुक्यात जोड्या जुळवायची दुसरी एक रीत आहे आणि ती मला फार विचार करायला लावते. माडिया-गोंड समाजात लग्न जुळवताना आधी देव मोजतात. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे बघा, इथे जुळायचं असेल तर आधी वेगळं असावं लागतं! ‘माझे सहा’, ‘मलापण सहा’ असं झालं, की विषय संपला.

आता यावरून लगेच आपल्या रीतीच सगळ्या भारी, असं मी म्हणणार नाही. त्यातही बंधनं आहेत, त्यातही कुणाचं मन मोडतं. पण दोन माणसांचं जमायला ती एकसारखीच असायला हवीत, हे काही जगाचं नियमपुस्तक नाही, एवढं तरी यातून कळतं.

आणि अजून एक. गावात ढोंग करायला जागाच नव्हती. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्त्याच्या हंगामात, नाचाच्या रात्री, गोटुलात सगळे एकमेकांना दिसत असत. कोण कामाला वाघ, कोण कामचुकार, कुणाचं तोंड फाटकं, कोण मनाचा हळवा, हे अख्ख्या गावाला ठाऊक. (गोटुलाबद्दल बाहेर काय काय बोललं जातं, तेही आपण ऐकतोच. वेरिअर एल्विनने बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर १९४७ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं आणि बाहेरच्यांनी त्यातलं चवीचं तेवढं उचललं. तरुणांनी एकत्र यायचं, शिकायचं, गावाने बसून बोलायचं, हे सगळं राहूनच गेलं.) तिथे तुम्ही ‘मला पहाटे उठायला फार आवडतं’ म्हणालात, तर शेजारची आजीच सांगणार, ‘याला कोंबडा नाही, ऊन उठवते.’

एटापल्लीसारख्या तालुक्याच्या गावातलं कॉलेज ही आपल्यापैकी कित्येकांसाठी पहिली अशी जागा आहे, जिथे आपल्याला लहानपणापासून ओळखणारं कुणी नसतं. पाटी कोरी. आपण जे सांगू ते आपण! हे केवढं मोठं स्वातंत्र्य आहे. आणि त्याच स्वातंत्र्यात आपण सगळ्यात आधी काय करतो, तर दुसऱ्याची पाटी बघून उतरवून काढतो.

असं आपण का करतो?

पहिलं कारण, एकटं राहायची भीती. टोरोंटो विद्यापीठातल्या स्टेफनी स्पिलमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. एकटं राहण्याची भीती ज्यांना जास्त वाटते, ते जोडीदाराच्या बाबतीत कमीवर समाधान मानतात, असं त्यांना आढळलं. समोरचा नीट लक्ष देत नसला तरी ‘चालेल’ म्हणतात. हे कळायला टोरोंटोला जायची गरज नाही म्हणा. वर्गातल्या सगळ्यांचं ‘सेट’ झालं, आपलंच राहिलं, असं वाटायला लागलं, की आपली पसंती कशी भराभर खाली येते, ते आपल्यालाच माहीत.

दुसरं कारण ऐकून मला आश्चर्य वाटलं. आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. सामंथा जोएल यांच्या २०१४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना न आवडणाऱ्या किंवा अजिबात न जुळणाऱ्या व्यक्तीची माहिती दिली. काहींना विचारलं, समजा ही व्यक्ती तुम्हाला भेटायला तयार असती, तर? बाकीच्यांना सांगितलं, ही व्यक्ती खरंच इथे आली आहे आणि भेटायला तयार आहे. नुसतं ‘समजा’ असताना नकार देणं सोपं गेलं. माणूस खरोखर समोर येणार म्हटल्यावर ‘हो’ म्हणणारे वाढले. कारण? त्याला वाईट वाटेल म्हणून! म्हणजे कित्येक चुकीच्या जोड्या चांगुलपणापोटी जमतात. सुरुवातीला मन दुखवायचं नाही म्हणून ‘हो’, आणि तीन वर्षांनी मनाचा पार चुराडा.

तिसरं कारण म्हणजे मोकळ्या जागा. नॉर्टन, फ्रॉस्ट आणि एरिएली या तिघांनी २००७ मध्ये दाखवलं, की समोरच्याबद्दल जितकं कमी माहीत, तितका तो जास्त आवडतो. जे माहीत नाही तिथे आपण आपल्या मनासारखं भरतो. आणि पहिला मोठा फरक दिसला, की पुढचं सगळंच वेगळं दिसायला लागतं. डीपी, दोन स्टेटस आणि एक गाणं, एवढ्यावर आपण अख्खा माणूस रचतो. ‘मलापण’ म्हणणारा त्या रचण्याला फक्त विटा पुरवतो.

आणि आपण खोटं बोलतो तेही बेताने. न्यू यॉर्कमध्ये डेटिंग साइटवरच्या ८० जणांची उंची, वजन आणि वय संशोधकांनी प्रत्यक्ष तपासलं. तो अभ्यास २००८ मध्ये आला. दहातल्या आठ जणांनी यातलं निदान एक तरी खोटं लिहिलं होतं. पण बहुतेकांचं खोटं अगदी थोडं, समोर भेटल्यावर लक्षात येणार नाही इतकंच. आपण ठार खोटं बोलत नाही हो! इंचभर वाढवतो, दोन किलो घटवतो, गावाचं नाव न सांगता नुसतं ‘एटापल्ली’ सांगतो.

लपवायला लावतं कोण?

इथे मला थोडं थांबून बोलायचंय. कारण सगळे खोटारडे सारखे नसतात.

पुण्यातल्या मुलाने ‘मलापण ट्रेकिंग आवडतं’ म्हटलं आणि आपल्या मैत्रिणीने ‘घरी मराठीच बोलतात’ म्हटलं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येतील का? त्याला एक छंद वाढवायचाय. तिला आख्खं घर लपवायचंय. भाषा, आईचं बोलणं, जेवण, गाव. आणि ती हे का लपवते? कारण वर्गात कधीतरी तिच्या उच्चारावर कुणीतरी हसलेलं असतं. ‘तुम्ही मुंग्या खाता का गा?’ असं विचारून टाळ्या दिलेल्या असतात. लाल मुंग्यांच्या चटणीवर हसणाऱ्यांसाठी एक माहिती : ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, जसं नागपूरच्या संत्र्याला आहे. पण खरं सांगायचं तर मानांकन नसतं मिळालं, तरी हसायचं कारण नव्हतं.

म्हणून प्रश्न फक्त खोटं बोलणाऱ्याला विचारून भागणार नाही. तुम्ही ज्याच्यासमोर बसलाय, त्याला खरं बोलायची सोय तुम्ही ठेवली आहे का? पहिल्याच भेटीत ‘मला असलं गावठी काही चालत नाही’ म्हणून मोकळं झाल्यावर समोरची मुलगी तुम्हाला तिच्या गावाचं नाव सांगेल का? मग वर्षभराने ‘तू मला आधी का नाही सांगितलंस?’ म्हणून भांडायचं. तिने सांगितलं नाही हे खरं, पण दार तुम्हीच लोटलं होतं.

‘पण ताई, अॅडजस्ट तर करावंच लागते ना?’

हा प्रश्न मला एका मुलाने विचारला आणि तो बरोबर आहे. दुसऱ्यामुळे आपल्याला नव्या गोष्टी आवडायला लागतात. तिच्यामुळे गझल ऐकायला लागलेले, त्याच्यामुळे वाचायला लागलेले कितीतरी जण असतात. सुरुवातीला थोडं जास्त बोललं गेलं, मग ते खरं झालं, तर बिघडलं कुठे?

मला यातला फरक दोन वाक्यांत दिसतो. एक, ‘मलापण आवडतं’. दुसरं, ‘मला माहीत नाही, सांग ना’. पहिल्या वाक्यात विषय तिथेच संपतो आणि आपली परीक्षा सुरू होते. पकडले जाऊ का, याची रोज धाकधूक. दुसऱ्या वाक्यात गप्पा सुरू होतात. ती सांगते, तो ऐकतो, मग आवडलं तर आवडलं, नाही तर नाही. शिकणाऱ्याला नापास व्हायची भीती नसते, नक्कल करणाऱ्याला कायम असते.

अजून एक गोष्ट. ‘मलापण’ म्हणणाऱ्याला वाटतं, मी फक्त माझ्याबद्दल खोटं बोललो, समोरच्याचं मी काय घेतलं? घेतलं ना, त्याची निवड घेतली. खर्रा खाणाऱ्या मुलाला ती कदाचित ‘हो’ म्हणाली असती. कदाचित म्हणाली असती, ‘आधी सोड, मग बघू.’ कदाचित ‘नाही’. तिन्हीतलं काहीही ठरवायचा तिचा हक्क त्याने वेलदोड्याखाली दाबून टाकला. आणि गंमत म्हणजे त्याचंही नुकसानच झालं. ती ‘आवडतोस’ म्हणते तेव्हा त्यालाच खात्री नसते, की हे आपल्याला म्हणतेय का!

मोठ्या फसवणुकीची दखल कायदाही घेतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळायचा इरादाच नसताना लग्नाचं वचन देऊन किंवा ओळख लपवून लग्न करण्यासारख्या फसवणुकीने स्त्रीशी शरीरसंबंध ठेवल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, जोडीदाराबद्दलची महत्त्वाची बाब फसवून लग्न लावलं असेल, तर ते रद्द करून मागता येतं. त्यासाठी फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं. आपल्या भागात हेही लक्षात ठेवा, की हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांची लग्नं त्यांच्या रूढीप्रमाणे चालतात. पण कट केलेल्या आईच्या फोनला कुठलं कलम लावणार? ते आपलं आपल्यालाच बघावं लागेल.

मग करायचं काय?

सगळंच पहिल्या दिवशी सांगून टाका, असं मी म्हणणार नाही. पहिल्या चहाला कुणी आपली अख्खी कुंडली मांडत नाही. आणि ज्यांना घराबद्दल खरं सांगणं महागात पडू शकतं, त्यांनी आपला वेळ घ्यावा, माणूस पारखून घ्यावा. वेळ घेणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ‘ते मी नंतर सांगेन’ हेही खरंच उत्तर आहे.

पण गोष्टींची दोन गाठोडी करा. एका गाठोड्यात गाणी, सिनेमे, क्रिकेट, चहा की कॉफी. यात फरक असला तर असू द्या, उलट मजा येते. दुसऱ्या गाठोड्यात थोड्याच गोष्टी असतात. व्यसन. शिक्षण आणि नोकरी पुढे करायची की नाही. राहायचं कुठे, इथे की पुण्या-नागपुरात. घरची भाषा आणि देवधर्म. मुलं. आणि आपल्या तालुक्यात जंगल आणि खाण. या गाठोड्यात ‘मलापण’ चालत नाही. इथे खोटं बोललात, तर ते दोघांना आणि दोन घरांना पुरून उरतं.

तिसऱ्या गोष्टीतल्या मुलाचंच घ्या. ‘माझं घर खाणीच्या पगारावर चालतं आणि तुझं म्हणणंही मला पटतं, मला दोन्हीचा मेळ घालता येत नाही,’ एवढं तो तिला म्हणाला असता तर? कदाचित भांडण झालं असतं. कदाचित तिलाही सांगता आलं असतं, की तिच्या गावातही सगळ्यांचं एकमत नाही. दोघं मिळून एका अवघड प्रश्नासमोर बसले असते. आज तो एकटाच दोन घरांत दोन तोंडांनी वावरतो आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

आणि समोरच्याने कधी बिचकत बिचकत खरं सांगितलंच, तर तुमचं पहिलं वाक्य जपून वापरा. हसू नका, तोंड वाकडं करू नका, लगेच ‘काही हरकत नाही’ म्हणून मोठेपणाही घेऊ नका. पुढचा प्रश्न विचारा. ‘तुझ्या भाषेत याला काय म्हणतात?’ इतका साधा प्रश्नही पुरतो.

तर या आठवड्यात एवढंच करून बघा. ज्याच्यासमोर किंवा जिच्यासमोर तुम्ही सगळ्यात जास्त ‘हाव ना’ म्हणता, तिथे एकदा, एखाद्या छोट्याशाच गोष्टीत म्हणा, ‘नाही गा, मला हे नाही आवडत.’ आणि गप्प बसून बघा काय होतं ते. नातं तेवढ्याने तुटलं, तर ते जमलेलंच नव्हतं. नाही तुटलं, तर पुढच्या वेळी आईचा फोन आला, की तिथेच उचला. आणि तुमच्याच भाषेत बोला.